वाचकांचे प्रश्न : ग्लेन शीलच्या धारेवर एकट्याने

या वेळच्या टपालात स्कॉटलंडमधील डोंगरभटकंतीविषयी तीन पत्रे आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्या धारेवर मी स्वतः दोनदा गेले असून त्यांतील एकदा अर्ध्यातून उतरले आहे.

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा. दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त ग्लासगो येथे राहतो. कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि राजगड–तोरणा हे ट्रेक मी अनेकदा केले आहेत. येत्या जूनमध्ये ग्लेन शील या दरीच्या दक्षिणेकडील सात शिखरांची धार एका दिवसात एकट्याने चालण्याचा विचार आहे. त्यातील सर्वांत उंच शिखर १,०२१ मीटरचे आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा सव्वासहाशे मीटरने बुटके. तरीही इथले सहकारी मला एकट्याने जाऊ नको असे सांगतात. त्यांची भीती अनाठायी आहे का? वेळ, वाट, सामान आणि परवानगी यांविषयीही मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, ग्लासगो

उत्तर : आपले आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकतो आहे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर असली, तरी बारी गावातून निघणाऱ्याला प्रत्यक्षात आठ-नऊशे मीटरच चढावे लागते. चढ एकदा संपला की उतरणेच उरते. ग्लेन शीलच्या धारेवर पहिले शिखर गाठल्यावर सहा वेळा खिंडीत उतरायचे आणि सहा वेळा पुन्हा चढायचे असते. त्या सर्व चढांची बेरीज सुमारे १,८०० मीटर होते आणि चाल सुमारे २५ किलोमीटरची. एका दिवसात दोन कळसूबाई, असे म्हटले तर अंदाज यावा. त्यातही दुसरा कळसूबाई थकलेल्या पायांनी चढायचा असतो.

उंचीपेक्षाही मोठा फरक अक्षांशाचा आहे. हे डोंगर ५७ अंश उत्तरेला, अटलांटिकच्या वाऱ्याच्या तोंडावर उभे आहेत. हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. जूनमध्ये खाली दरीत १४ अंश असताना धारेवर ७-८ अंश असतात, आणि त्यात वारा व पाऊस मिळाले की अंगाला ती थंडी शून्याच्या आसपासची वाटते. सह्याद्रीत आपण पाणी संपण्याला आणि उन्हाला घाबरायला शिकलेलो असतो. इथे भिजून थांबणे हा खरा धोका आहे. भिजलेला, दमलेला माणूस वाऱ्यात अर्धा तास बसून राहिला तर त्याच्या अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. आधी बोटे ऐकेनाशी होतात, मग विचार मंदावतो, आणि जवळ दुसरे कोणी नसेल तर आपले काय होते आहे हे त्याला स्वतःला कळतही नाही. आपल्या सहकाऱ्यांची भीती याच गोष्टीची असावी, आणि ती अनाठायी नाही.

तरीही एकट्याने जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. या देशात डोंगरावर एकट्याने जाणे ही जुनी आणि सर्वमान्य रीत आहे, आणि त्या चालण्यातील एकाग्रता सोबतीने मिळत नाही, असे मला मनापासून वाटते. मात्र एकट्याने जाणाऱ्याने निर्णय घरी घेऊन ठेवावेत. सोबत माणूस असला की कोणीतरी "पुरे आता, उतरू या" असे म्हणतो. एकट्याच्या मनात मात्र पुढचे शिखर नेहमी अर्ध्या तासावरच असते. म्हणून प्रत्येक शिखरासमोर "या वेळेनंतर पुढे नाही" अशी वेळ कागदावर लिहून न्यावी आणि ती पाळावी.

वेळेचा हिशेब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेल्या नियमाने करता येतो. मैल आणि फुटांतील तो नियम मीटरमध्ये आणला तर ढोबळमानाने दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरना आणखी एक तास असा होतो. या धारेला तो लावला तर पाच अधिक तीन असे आठ तास येतात. त्यात खाणे नाही, नकाशा पाहणे नाही, धुके नाही आणि दमणेही नाही. दुसऱ्या खेपेस, मेअखेरच्या स्वच्छ दिवशी मला साडेअकरा तास लागले. आपणही अकरा-बारा तास धरावेत. जूनमध्ये इथे दिवस जवळजवळ अठरा तासांचा असतो, म्हणून आपण निवडलेला महिना योग्य आहे. हिवाळ्यात हीच धार बर्फाखाली असते. तेव्हा बर्फाची कुऱ्हाड व क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दाते) यांचा सराव नसलेल्याने तिथे जाऊ नये.

आता वाट. क्लूनी इन या पथिकाश्रमापाशी ए ८७ रस्त्यावर उतरावे आणि थोडे पूर्वेला जाऊन दक्षिणेकडे वळणारा जुना रस्ता धरावा. हा एके काळी टॉमडूनला जाणारा वाहता रस्ता होता. १९५० च्या दशकात जलविद्युत प्रकल्पासाठी धरण झाले, लॉख लॉइन या सरोवराचे पाणी वाढले आणि रस्त्याचा पुढचा भाग बुडाला. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्यात उतरणारे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या डांबराच्या उरलेल्या तुकड्यांवरून चालताना काय वाटते हे सांगायला नको. या रस्त्याने तासा-सव्वा तासाची चाल झाल्यावर उजवीकडे शिकाऱ्यांची जुनी पायवाट फुटते आणि नागमोडी वळणे घेत पहिल्या शिखरावर नेते. तिची आखणी इतकी सुरेख आहे की दम न लागता माणूस वर येतो.

शिखरे पूर्वेकडून पश्चिमेकडे अशी येतात : क्रेग अ वाइम (९४७ मीटर), द्रुइम ह्युन्नाख (९८७), ओनख एर ख्री (१,०२१), मूल खिन जेरग (९८१), स्गूर अन डोर लेहिन (१,०१०), स्गूर अन लोखन (१,००४) आणि क्रेग नन दाव (९१८). ही गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील जुन्या भाषेतील, नावे असून नकाशावरील अक्षरांवरून त्यांचा उच्चार सहसा लागत नाही. ती अर्थासह लक्षात ठेवावीत, कारण ती वाटेची माहितीही देतात. द्रुइम ह्युन्नाख म्हणजे कोल्ह्याची धार, ओनख एर ख्री म्हणजे थरथरता माथा, मूल खिन जेरग म्हणजे तांबड्या डोक्याचा टकला डोंगर, आणि स्गूर अन लोखन म्हणजे लहान तळ्याचे शिखर. ते तळे शिखराच्या खालच्या कोनाड्यात खरोखरच दिसते.

खडक बहुतेक सगळीकडे अभ्रकयुक्त शिस्टचा आहे. ऊन पडले की तो चांदीसारखा चमकतो, पण ओला झाला की आपल्या शेवाळल्या कातळाइतकाच घात करतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिखरांच्या आसपास धार अरुंद होते. हाताचा आधार क्वचितच लागतो आणि सह्याद्रीतील रॉकपॅच केलेल्या माणसाला त्याचे काही वाटू नये. पाचवे शिखर मुख्य धारेपासून थोडे उत्तरेला बाजूला आहे. पायवाट त्याच्या खालून निघून जाते, त्यामुळे धुक्यात ते चुकण्याचा संभव असतो. सहाव्या आणि सातव्या शिखरांच्या मध्ये स्गूर बेग नावाचा ८९६ मीटरचा एक उंचवटा येतो. त्याच्या दक्षिण अंगाने वाट आहे आणि तोवर पायांची जी अवस्था झालेली असते ती पाहता तीच धरावी, असे माझे मत आहे.

या धारेची खरी परीक्षा चढात नाही, ती दिशा राखण्यात आहे. उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, उभे कडे आणि खोल घळी आहेत, पण खाली रस्ता आहे. डावीकडचा गवताळ उतार सौम्य आणि मोहात पाडणारा आहे, परंतु तो ग्लेन क्वोइखच्या निर्जन मुलखात उतरतो. तिथे घर नाही, आणि परतायचे तर पुन्हा हीच धार ओलांडावी लागते. धुक्यात घाबरून "सोप्या बाजूने" खाली जाणे ही या डोंगरावरची सर्वांत महागडी चूक ठरू शकते.

पहिल्या खेपेस मी स्वतः दुसरी एक चूक केली. ओनख एर ख्रीच्या दगडी राशीपाशी पोहोचले तेव्हा ढग इतका दाट होता की काठीचे टोक जेमतेम दिसत होते. तिथून मुख्य धार पश्चिमेला वळते, पण एक खडकाळ सोंड थेट उत्तरेला उतरते आणि धुक्यात तीच ठळक दिसते. मी तिच्यावरून दहा-पंधरा मिनिटे उतरत गेले. सकाळपासून डाव्या गालावर समोरून लागणारा वारा पाठीकडे सरकल्यासारखे वाटले म्हणून थांबले, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि होकायंत्र तळहातावर धरले. लाल सुई आणि माझ्या बुटांची टोके एकाच दिशेला होती. मी उत्तरेकडे चालले होते. परत वर येऊन पश्चिमेची दिशा लावली, पण त्यात आणि पुढच्या चाचपडण्यात दीड तास गेला. चौथ्या शिखरासाठी कागदावर दोनची वेळ लिहिली होती आणि घड्याळात साडेतीन झाले होते. तिथून उत्तरेकडे एक लांब सोंड उतरते, तिच्यावर शिकाऱ्यांची चांगली पायवाट आहे आणि ती सरळ रस्त्याच्या दिशेने जाते. मी त्या वाटेने उतरले. उतरताना ढग फाटला आणि राहिलेली तीन शिखरे उन्हात स्वच्छ दिसली. फार वाईट वाटले, हे प्रांजळपणे सांगते.

ही चौथ्या शिखरावरून उतरणारी वाट आपण नकाशावर निघण्यापूर्वीच लाल शाईने काढून ठेवावी. धारेच्या मध्यावरची सर्वांत भरवशाची सुटका तीच आहे. शेवटच्या शिखरानंतर पश्चिमेच्या खिंडीपर्यंत जाऊन तिथून उत्तरेला उतरावे. हा उतार दमवणारा आहे, गुडघ्यांनी त्याची तयारी ठेवावी. रस्त्यावर आलात की क्लूनी इन सुमारे बारा किलोमीटर मागे राहिलेले असते आणि गाड्या वेगाने जातात. शक्य असल्यास सायकल आदल्या दिवशी या उतरण्याच्या जागी लपवून ठेवावी. ग्लासगोहून स्कायला जाणाऱ्या बसगाड्या याच रस्त्याने जातात, पण सकाळच्या गाडीने येऊन त्याच दिवशी चालायला लागणे जमणार नाही. आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचावे.

शेवटच्या दोन शिखरांवर दमला असलात, तरी क्षणभर उत्तरेकडे पाहावे. समोरच्या उतारावर १० जून १७१९ रोजी ग्लेन शीलची लढाई झाली. जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, बाजूने लढायला आलेली स्पॅनिश सैनिकांची तुकडीही त्यात होती, आणि वरच्या एका शिखराला आजही स्गूर नन स्पान्त्याख, म्हणजे स्पॅनिशांचे शिखर, असे नाव आहे.

सामानात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा लँडरेंजर मालिकेतील ३३ क्रमांकाचा कागदी नकाशा आणि होकायंत्र ही पहिली गरज समजावी. फोनमधील नकाशा जरूर असावा, पण ओल्या काचेवर गारठलेली बोटे चालत नाहीत आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. पावसाचे जाकीट आणि विजार, एक जास्तीचा गरम कपडा, हातमोज्यांचे दोन जोड, कानटोपी, डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी आणि आत शिरून बसता येईल अशी जाड प्लास्टिकची नारिंगी पिशवी हे सर्व जूनमध्येही न्यावे. धारेवर पाणी जवळजवळ नाही, म्हणून निदान दोन लिटर पाठीवर असावे. खाण्यासाठी मी गुळपोळ्या आणि चिक्की नेते. त्या गारठ्यात कडक होत नाहीत आणि चालता चालता खाता येतात. वारा पडला की मिजेस नावाची बारीक चिलटे दरीत अंगावर येतात. त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायची जाळी जवळ ठेवावी. घरी परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे पाहावे. तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो.

परवानगी लागत नाही. २००३ च्या स्कॉटलंडच्या जमीनसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला डोंगरावर चालण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क दिला आहे. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम असतो, तेव्हा स्थानिक सूचना पाहून वाट ठरवावी. जूनमध्ये ती अडचण नाही.

एक आग्रहाची विनंती आहे. ही धार आपली स्कॉटलंडमधील पहिली एकट्याची चाल असू नये. आधी ९७४ मीटरचा बेन लोमंड करावा. मग आरोखारपर्यंत रेल्वेने जाऊन बेन नार्नेन आणि बेन ईम ही दोन शिखरे जोडून करावीत, आणि त्यांतील एक तरी दिवस मुद्दाम ढगाळ निवडून नकाशा व होकायंत्रावर काढावा. एव्हीमोरजवळच्या ग्लेनमोर लॉज या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात दिशाशोधनाचे वर्ग होतात, त्यांपैकी एक केलात तर फारच उत्तम. आदल्या संध्याकाळी डोंगरी हवामानाचा खास अंदाज वाचावा, गावाचा अंदाज पुरेसा नाही. धारेवर ताशी ४० मैलांचा वारा सांगितला असेल तर बेत पुढे ढकलावा.

प्रश्न : स्कॉटलंडमधील "मन्रो" म्हणजे नेमके काय? त्यांची संख्या बदलते असे वाचले. डोंगर कमी-जास्त कसे होतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तीन हजार फूट, म्हणजे ९१४.४ मीटर किंवा त्याहून उंच असलेल्या आणि स्वतंत्र मानल्या गेलेल्या स्कॉटिश डोंगराला मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात अशा डोंगरांची पहिली यादी प्रसिद्ध केली, आणि त्यांचेच नाव डोंगरांना चिकटले. डोंगर तेच राहतात, मोजमाप अधिक अचूक होते. नव्या मोजणीत एखादा माथा तीन हजार फुटांपेक्षा काही हात बुटका ठरला की तो यादीतून गळतो. २०१२ मध्ये बेन अ ख्लायव्ह नावाचा डोंगर असाच गळाला, आणि तेव्हापासून संख्या २८२ आहे. वरील उत्तरातील क्रेग नन दाव ९१८ मीटरचा असल्याने यादीत जेमतेम बसतो, आणि त्याच्या शेजारचा स्गूर बेग अठरा मीटरनी राहून जातो. स्वतंत्र डोंगर कोणता आणि नुसता उपमाथा कोणता हे ठरवण्याची मात्र आकड्यांची काटेकोर कसोटी मन्रो यांनी घालून दिली नाही, त्यामुळे त्यावर वाद चालूच असतात. स्वतः मन्रो १९१९ मध्ये वारले, तेव्हा यादीतील सर्व डोंगर चढून व्हायचे राहिले होते. १९०१ मध्ये ते सर्व प्रथम चढून जाण्याचे श्रेय पाद्री ए. ई. रॉबर्टसन यांना दिले जाते.

प्रश्न : माझा मुलगा ॲबर्डीनला शिकतो आणि सुटीच्या दिवशी एकटाच डोंगरात जातो. सकाळी संदेश येतो आणि मग रात्रीपर्यंत फोन लागत नाही. त्याला अडवायचे नाही, पण जीव टांगणीला लागतो. मी त्याच्याकडून काय मागावे?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, अडवायचे नाही हे आपण आधीच ठरवले आहे, त्यामुळे मागणे सोपे झाले. त्याच्याकडून दर खेपेस एक कागद मागावा, फोटो काढून पाठवला तरी चालेल. त्यावर निघण्याचे ठिकाण, शिखरांची नावे क्रमाने, मध्येच उतरावे लागले तर कोणत्या वाटेने उतरणार, आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवावी, एवढे असावे. ही शेवटची वेळ त्याने अंदाजित परतीपेक्षा दोन-तीन तास पुढची द्यावी, म्हणजे पाय दुखून सावकाश उतरला तरी उगीच धावपळ होणार नाही.

हाच कागद त्याने ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एखाद्या मित्राकडेही ठेवला पाहिजे, आणि ही गोष्ट आपण हट्टाने करून घ्यावी. सांगलीहून ९९९ हा ब्रिटनचा आपत्कालीन क्रमांक फिरवला तर तो स्कॉटलंडच्या पोलिसांना लागत नाही. तिथल्या मित्राने तो फिरवून पोलिसांना सांगितले आणि डोंगरातील बचाव पथक मागितले की पोलीस त्या भागातील पथकाला बोलावतात. ही माणसे स्वयंसेवक असतात, रात्री-अपरात्री निघतात आणि एक पैसाही घेत नाहीत. मुलाने स्वतःचा फोनही आपत्कालीन लघुसंदेशासाठी आधी नोंदवून ठेवावा. बोलण्याइतका सिग्नल नसतो तेव्हाही कधीकधी संदेश जातो. संकटात शिट्टी मिनिटाला सहा वेळा फुंकायची, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा फुंकायची, हा तिथला संकेत त्याला पाठ असावा.

घड्याळाचे गणितही लक्षात असू द्यावे. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते आणि हिवाळ्यात साडेपाच तासांनी. जूनमध्ये त्याचे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र असते, आणि तिथे अजून लख्ख उजेड असतो. सिग्नलही पुष्कळदा धारेवर मिळतो आणि दरीत उतरल्यावर जातो. म्हणजे वरून त्याचा निरोप आला आणि नंतर दोन-तीन तास फोन लागला नाही, तर तो बहुधा रस्त्याकडे उतरत असतो. शेवटच्या शिखरावर सिग्नल मिळाला तर "उतरायला लागलो" एवढे दोन शब्द पाठवायचे, असे त्याच्याशी ठरवून टाकावे.